अपडेट आणि वरची बांधी

मंडळी, आज आंधळगावच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गंमतच झाली.

उद्या परीक्षा, त्याआधी सगळ्या कॉम्प्युटरवर टाकायचं अपडेट भलंमोठं आणि नेट मुंगीच्या चालीचं. म्हणून सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले. ज्याला जेवढं अपडेट मिळेल, तेवढं त्यानं बाकीच्यांना वाटायचं.

झकास चाललं होतं, पण मधेच सगळ्यांचं रेंगाळलं. पाहतो तर, सर्वांत आधी अपडेट झालेला कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या सुषमाताईंनी बंदच करून टाकलेला!

"माह्यं झालं ना सर, मंग कायले चालू ठेवू?"

मी म्हटलं, "ताई, धानाच्या शेतात वरची बांधी भरली की पाणी खालच्या बांधीत सोडतेत ना?"

"आमच्या वरच्या बांधीवाला कुठी सोडते!" म्हणत त्यांनी हसून बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत सगळे अपडेट झाले. निघताना ताई म्हणाल्या, "सर, त्या वरच्या बांधीवाल्याले बी क्लासात घ्या."

खरं सांगा, तुम्ही कोणाच्या वरच्या बांधीत आहात?