फिकट गळ्याचा नर

“किल्ली तुझ्याकडे. मग पिंजऱ्यात नर शिरला कसा?” सरांनी मेरीला सगळ्यांसमोर विचारलं.

मी बोरीवलीच्या आमच्या लॅबमध्ये डीएनए तपासते. मेरी सरडे सांभाळते. रोज गोराईहून फेरीबोटीने येते, घरात कमावती तीच. चार महिने एकटी ठेवलेल्या मादीच्या अंड्यांतून त्या सकाळी सहा पिल्लं निघाली होती. नराशिवाय अंडी पोकळ निघायला हवीत. म्हणजे प्रयोगाची वाट लागली, आणि ती मेरीने लावली, असं सरांनी ठरवून टाकलं. महिनाअखेरीला तिचं काँट्रॅक्ट संपत होतं.

“शोभा, पिल्लांचा बाप शोध,” सर मला म्हणाले. “मग हिचं बघू.”

पिल्लाचा अर्धा डीएनए आईचा, अर्धा बापाचा. आईचा बाजूला काढायचा, उरलेला कोणाशी जुळतो ते बघायचं. शेपटीचं टोक पुरतं. लॅबमधला एकूण एक नर मी तपासला. दोन पिल्लं लाल गळ्याच्या नराची निघाली. हा दांडगट आधी त्या मादीच्याच पिंजऱ्यात होता. बाकीची चार कुणाचीच नाहीत.

“म्हणजे लाल आत गेला आणि बाहेरचाही एक,” सर म्हणाले. “दार सताड उघडंच होतं म्हणा ना.”

मेरी माझ्या टेबलाशी आली. डोळे भरलेले, पण आवाज ठणठणीत. “मेलेले तपासलेस का गं?”

“मेलेले कशाला?”

“तिला वेगळी काढायच्या आधी तिथे फिकट गळ्याचा पण होता ना. लालवाला त्याला फांदीवर टेकू देत नव्हता. तिला काढलं त्याच आठवड्यात मेला बिचारा.”

मी चिडूनच फ्रीझर उघडला. त्याच्या शेपटीचं टोक जपलेलं होतं. चारही पिल्लं त्याची. टेस्ट पुन्हा लावली. तेच.

काही माद्या नराचं बीज पोटात साठवतात हे सरांनी आणि मीही वाचलं होतं. पण इतके दिवस? तो मरून गेला आणि हिने त्याचं बीज जिवंत ठेवलं. लालचंही तसंच साठवलेलं; दार कुणी उघडलंच नव्हतं. आम्ही रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे ‘अयशस्वी’ लिहून मोकळे झालो होतो.

सरांनी तो शब्द स्वतः खोडला. मेरीला सगळ्यांसमोर म्हणाले, “चुकलो मी.” काँट्रॅक्ट रिन्यू झालं.

मेरी मादीला किडे टाकत होती. “बाई गं,” ती पिंजऱ्यात बघत म्हणाली, “आधी बोलली असतीस तर?”

तेव्हापासून बाप शोधायचा असला की मी फ्रीझर आधी उघडते. आणि त्याच्याही आधी, जिच्याकडे किल्ली आहे तिला विचारते.