एका रिपोर्टला एक ब्लॉक

सदर इसम, वय बेचाळीस, हुद्दा साठवण-प्रमुख (हंगामी), बांधा मध्यम, दृष्टी चष्म्यासह चांगली, वर्तणूक समाधानकारक, कायम करण्यास हरकत नसावी. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेने त्याच्याविषयी अशी टिप्पणी तयार ठेवली होती. फक्त सही व्हायची होती. साठवण-प्रमुखाच्या हाताखाली एक सर्व्हर आणि एक टेबलफॅन एवढा कर्मचारीवर्ग होता.

सही झाली की तो बायकोला घेऊन मेहुण्याच्या घरातून बाहेर पडणार होता. मेहुणा त्याच प्रयोगशाळेत हिशेबनीस. नोकरी त्यानेच लावून दिली होती आणि याचा कोणाला विसर पडू नये, हेही तोच बघायचा. "दाजी, घर तुमचंच आहे," तो जेवताना म्हणायचा. "फक्त बाथरूमचा दिवा मालवत जा."

सहीआधी एकच काम उरलं होतं: जुन्या डिस्कवरचे रिपोर्ट नव्या डिस्कवर न्यायचे. एक रिपोर्ट म्हणजे चार ओळींची फाइल, अशा लाखो. सगळ्यांच्या आकाराची बेरीज त्याने केली. नवी डिस्क तिच्या कितीतरी पट मोठी निघाली. डिस्क जागा ज्या ठरावीक तुकड्यांत वाटते तो ब्लॉक केवढा ठेवायचा, याला त्याने सगळ्यात मोठा आकडा दिला, चौसष्ट किलोबाइट. मोठा ब्लॉक वेगवान असतो असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि सिनेमे साठवणाऱ्यांपुरतं ते खरंही आहे. जुनी डिस्क काठोकाठ भरलेली, रोजच्या रिपोर्टांनाही जागा नाही. म्हणून कॉपी न करता त्याने फाइली हलवायला घेतल्या. तिकडे पोचली की इकडून गेली.

अर्ध्यावर नवी डिस्क भरली.

"काय दाजी," मेहुणा दारातून म्हणाला, "हिचंही पोट भरलं?"

"दुकानदाराने छोटी दिलीय."

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई मागेच होत्या. "चार ओळींची फाइल किती जागा खाते, ते पाहिलंत?"

पाहिलं नव्हतं. फाइलने अडवलेली जागा दाखवणारं du त्याने चालवलं, मग ब्लॉकचा आकार सांगणारं stat -f. प्रत्येक फाइल चौसष्ट किलोबाइट अडवून बसली होती. ब्लॉकचा कायदाच तसा आहे: एकटा माणूस आला तरी अख्खी खोली त्याची, उरलेल्या जागेत दुसऱ्याला मज्जाव.

स्वतःची चूक स्वतःच पकडली की माणसाला पराक्रम केल्यासारखं वाटतं. "सापडलं," तो मेहुण्याकडे बघून म्हणाला. "चार किलोबाइटचा हवा होता. पण ब्लॉक मागाहून बदलता येत नाही. डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागते."

"मग करा की. मुहूर्त बघताय का?"

त्याने केली. यंत्राने 'नक्की?' असं विचारलंही होतं. चष्मा पुसायला लागतो तेवढ्या वेळात काम झालं. मग त्याने पुन्हा stat -f चालवलं आणि आकडा बाईंना दाखवला: 4096 बाइट, म्हणजे चार किलोबाइट. अगदी बरोबर होता.

"आणि आधी यावर आलेले रिपोर्ट?" बाईंनी विचारलं. "जुन्या डिस्कवर आहेत ना?"

"हलवले होते, कॉपी नव्हते केले," तो म्हणाला.

मेहुणा हसला नाही. त्याने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. ती नव्या भाड्याच्या खोलीत पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेत होती. "ताई, पडद्यांचं कापड फाडू नको सांग कापडवाल्याला," तो म्हणाला. "फाडलं असेल तर परत घेतो का विचार."

टिप्पणीवर सही झाली, तिच्यात थोडा बदल करून: सदर पदाची आवश्यकता उरलेली नाही, वर्तणूक समाधानकारक.

तो मेहुण्याकडेच राहतो.