बसऱ्याची दगडी मोहोर

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते. मी तेव्हा अकोल्याच्या ठाण्यात जमादार होतो. कापसाला सोन्याचा भाव आला होता. हाती पैसा आलेले लोक अरबी घोडे घेऊ लागले, म्हणून बसऱ्याच्या एका सौदागराने मोर्णा नदीच्या काठी तळ दिला होता.

एके सकाळी तो फिर्याद घेऊन आला. आईने दिलेली मोहोर तंबूतल्या पेटीतून गेली होती. बोटाच्या पेराएवढा लांबट गोल दगड, आरपार भोक, अंगभर कोरीव काम. त्याच्या मुलखात जुन्या टेकाडांतून असे दगड निघतात. पूर्वीचे लोक ते ओल्या मातीवर लाटण्यासारखे फिरवून शिक्का उमटवीत, असे त्याने सांगितले.

दुपारी खबऱ्याने बातमी आणली. भाजी विकणाऱ्या एका माळणीच्या लेकीच्या गळ्यात तसाच दगड होता. बाईला भर बाजारातून ठाण्यात आणले. तिला तंबूतून निघताना पाहिले, असे सौदागराच्या घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने सांगितले.

"मळ्यासाठी लीद आणाले गेलती मी," बाई म्हणाली. "पाण्यापाशी चिखलात सापडला. चोरला असता तं पोरीले उघडा काहून बांधला असता?"

"दोन छड्या दिल्या की कबूल होईल," शिपाई पुटपुटला. मी त्याला गप्प केले. खोटे बोलणारा जागा दाखवायला कचरतो. ही तर "चाला, आत्ताच दाखवते" म्हणून उठून उभी राहिली.

बाई, मोतद्दार आणि दोन पंच यांना घेऊन गेलो. घोड्यांच्या पाणवठ्याजवळचा चिखल वाळून कडक झाला होता. खुराच्या धक्क्याने दगड लोळला असावा, कारण खुणेशेजारी चार बोटे लांब चित्रांची पट्टी उमटली होती: एक माणूस, एक बैल, पुन्हा तोच माणूस, तोच बैल. मी शेजारी ओली माती थापून दगड फिरवला. तंतोतंत तेच चित्र!

"इथं घोडे तूच पाजतोस. पेटीतली मोहोर इथं कशी आली?" मी मोतद्दाराला विचारले.

त्याने पागोटे काढून माझ्या पायाशी ठेवले. "म्याच काढली, हुजूर. गळ्यात घालून पाहाची हौस होती. घोडे पाजताना दोरा तुटला. मालक हाकलून देईन, म्हणून बाईचं नाव घेतलं."

पंचनामा झाला. सौदागराला मोहोर मिळाली. बाईला म्हटले, "जा, तू सुटलीस."

ती हलली नाही. "बाजारातून चोर म्हणून आणलं, सायब. आता बाजारातच सांगा."

मी गणवेशात तिच्यासोबत चालत गेलो आणि सगळ्या भाजीवाल्यांसमोर मोठ्याने सांगितले, की ही बाई निर्दोष आहे. मागोमाग आलेल्या सौदागराने तिथेच तिला हात जोडले.

पुढे अमरावतीला मोठमोठे गुन्हे उकलले, बक्षिसेही मिळाली. पण पोलिसाचे खरे काम मला त्या माळणीने शिकवले. निरपराध माणसाला नुसते सोडून भागत नाही. त्याची अब्रू जिथे गेली, तिथे जाऊन ती परत द्यावी लागते.