बाळंतिणीच्या खोलीतली खोकी

आमच्या बचत गटाला मदत मंजूर झाली तेव्हा बायकांनी गुलाल तेवढा उधळायचा बाकी ठेवला. बाहेरच्या देशाचा पैसा सरकारी योजनेतून येणार होता. त्यातून आम्हा बायकांचं दुकान निघणार होतं, बी-खताचं आणि कापसावर फवारायच्या औषधाचं. वडवणीच्या दुकानात बाईमाणसाला ताटकळत ठेवतात, आधी गड्यांना माल देतात. ते आता संपणार होतं. मी बैठकीत मागं बसते, बोलत नाही. पण त्या दिवशी टाळ्या मीही वाजवल्या.

योजनेत दुकानाची पाटी होती, फवारणीचे पंप होते, बायकांचं शिक्षण होतं, टेम्पोचं भाडंसुद्धा होतं. बांधकाम मात्र मागाहून होणार होतं. माल आधी आला. टेम्पोवाला पारावर उभा राहून ओरडायला लागला, "ठिवायचं कुठं ते बोला लवकर, मला दिंद्रुड गाठायचंय."

गटाची अध्यक्ष माझी थोरली जाऊ. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"हिच्या घरकुलातली आतली खोली मोकळी हाय. कुलूप बी हाय."

"अक्का, तुमची खोली मोठी..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"माझ्या घरी नातवंडं हायत गं. हात लावत्याल, मग?"

खोकी माझ्या घरात आली. भिंतीला लावून छातीएवढी रचली. नवरा रानातून आला, नाकाला टॉवेल लावला आणि म्हणाला, "तू हो म्हनलीस कावून?"

मी हो म्हणालेच नव्हते.

माझ्या लेकीचे तेव्हा दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच येणार. बीडच्या दवाखान्यात बाळंत करून तिथून घरी आणायची, असं ठरलं होतं. घरी म्हणजे त्याच खोलीत. पुढच्या खोलीत चूल आणि सगळ्यांचं येणंजाणं.

आमच्याकडं बाळंतिणीची खोली बंद ठेवतात. खिडकीला गोधडी, दाराला पडदा, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. निखाऱ्यावर ओवा टाकून बाळ-बाळंतिणीला शेक देतात. त्या खोलीत बसलेल्या माणसाला घाम फुटतो. आणि इथं तर शेगडी नसतानाच, नुसतं दुपारचं ऊन स्लॅबवर आलं की खोक्यांचा वास दाराखालून बाहेर यायचा. डोळे चुरचुरायचे. खोक्यांवर कवटीचं चित्र होतं. ते कळायला चौथीपर्यंत शिकायचीही गरज नाही. मी भाकरी करता करता त्या दाराकडं बघायची आणि शेगडीचा विचार मनात आला की तव्यावरची भाकरी करपायची.

जाऊ दळायला गेली होती, तिला सांगायला मी पिठाच्या गिरणीवर गेले.

"अक्का, लेक येनार हाय..."

"यिऊ दे की! आधी पेढं घिऊन ये."

परत एकदा तिच्या घरी गेले. तिथं गटाच्या चार बायका बसलेल्या होत्या. या खेपेला मी खोलीचं बोलले.

"बांधकामाला टाइम हाय," जाऊ म्हणाली. "खोकी काय चालून अंगावर येत्यात व्हय? कोपऱ्याला सारून मधी लुगडं बांध. तुझ्या लेकीला बी राखनदार झाले."

सगळ्या हसल्या. मीही हसले. घराकडं येताना त्या हसण्याचाच मला राग येत होता.

गोठ्यात हलवावं तर तिथं कडबा. तो खाणारी गाय, आणि तिचं दूध लेकीलाच द्यायचं. उघड्यावर ठेवावं तर पाऊस. शिवाय एखादं खोकं गेलं असतं तर नाव माझं झालं असतं. नवरा म्हणाला, तुझ्या जावेचं तू बघ.

लेक बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यात ती बाळाला घेऊन झोपायची आणि मी उशाशी बसून मनातल्या मनात ती खोकी कुठं हलवता येतील ते शोधायची. सोडायचा दिवस आला तरी जागा सापडली नव्हती. मी नवऱ्याला फोन केला, "बाज ओसरीवर काढा." त्यानं दोनदा विचारलं, ओसरीवर? मी म्हणाले, हो.

जीप दारात आली तेव्हा गल्लीतल्या बायका जमलेल्या होत्या. जावेनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, लेकीच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाली, "चल, आत चल. वारं लागंल."

मी आतल्या दारात जाऊन उभी राहिले.

"आत न्यायची न्हाई."

"काय?"

"वसरीवर टाकलीय बाज."

जाऊ आधी हसली. मग तिला बाज दिसली. "डोकं फिरलंय का तुझं? ओली बाळंतीन भाहेर वाऱ्यावर? उद्या तिच्या सासरची मानसं यितील, काय सांगशील?"

मागून एक म्हातारी बोलली, "खोकी आत अन् लेक भाहेर. असलं माह्यार म्या तर न्हाई बघितलं."

ते जावेला झोंबलं. तिनं लेकीचा हात धरला. लेक बाळाला छातीशी धरून एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. बाळ रडायला लागलं.

मी म्हणाले, "अक्का, तुमी आत बसा. मी शेगडी ठिवते, दार लावते. घडीभर बसा. मग लेकीला बाळासकट मीच आत नेते."

जाऊ मानी बाई. "ठिव," म्हणाली आणि आत गेली. मी निखारे आणून आत दारापाशी ठेवले, खोक्यांपासून लांब, आणि दार ओढून कडीला हात लावून उभी राहिले. काही झालं तर? आधी तिचं खाकरणं ऐकू आलं. मग खोकला. मी दार उघडायच्या आतच तिनं ते ढकललं. पदर नाकाला, डोळे लाल, गालावर पाणी. ती ओसरीच्या कडेला बसली आणि बराच वेळ खोकत राहिली. बाळाकडं बघितलं. मला वाटलं, आता ही मला सोडत नाही.

"पंचायतीच्या खोलीची किल्ली कुनाकडं हाय?" ती म्हणाली.

त्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि मंडपाचं सामान होतं. ते बाहेर काढलं. बायकांनी तोंडाला पदर बांधून एकेक खोकं उचललं. सगळ्यात खालचं उचललं तेव्हा त्याचा तळ ओला होता. फरशीवर पिवळसर डाग पडला होता. लेकीची बाज मी नेमकी तिथंच टाकणार होते.

डागावर माती टाकून ती खुरप्यानं खरवडली आणि पिशवीत भरली. आता ती टाकायची कुठं? नाली विहिरीकडं जाते. उकिरडा रानात जातो. जावेनं योजनेचं काम बघणाऱ्या तालुक्याच्या मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, विचारून सांगते. पिशवी झाकणाच्या डब्यात घालून खोक्यांजवळच ठेवली.

बाळाची पाचवी ओसरीवरच झाली, चारी बाजूंनी साड्या बांधून. वास जाईपर्यंत लेकीला मी आत पाऊल टाकू दिलं नाही. सासरची माणसं बोलायचं ते बोलली.

पुढं गावाचा आराखडा करायची ग्रामसभा झाली. त्यात जाऊ उभी राहिली. "औषधाला खोली धरा. शाळेपासून अन् विहिरीपासून लांब. सांडलेलं अन् रिकामं डबडं कुठं टाकायचं ते बी धरा."

ग्रामसेवक म्हणाले, "यात असलं काम बसत न्हाई, अक्का."

"मग हिच्या लेकीला इचारा, ती कुठं बसली हुती ते."

सगळे मागं वळून माझ्याकडं बघायला लागले. मला पदरात तोंड लपवावंसं वाटलं. पण मी उभी राहिले आणि म्हणाले, "वसरीवर." आणि खाली बसले.

खोली आराखड्यात धरली आहे. अजून बांधलेली नाही. मॅडमचा फोन आलेला नाही, मातीचा डबा पंचायतीच्या खोलीतच आहे. लेक सासरी गेली. मी रोज फोन करते आणि आधी नात खोकते का ते विचारते. लेक म्हणते, "आई, समद्यांचीच लेकरं खोकत्यात." मी बरं म्हणते आणि विचारते, "कोरडा हाय का ओला?"