उमरेडचा नवा गॅस आणि ताईचा खोवा

मे महिन्यात नागपूरची शहाणी माणसं डोंगरावर जातात. मी उमरेडला गेलो, एक थंड खोली पाहायला.

माझी मावसबहीण शोभाताई तिथे खोवा, म्हणजे खवा, करते आणि त्या थंड खोलीत ठेवते. जुना गॅस मिळेनासा झाला म्हणून तिनं खोलीच्या मशीनमध्ये नवा, मिश्रणाचा गॅस भरून घेतला. नागपुरातल्या लकडगंजचा गॅसविक्रेता म्हणाला, पृथ्वी वाचेल, वीजही वाचेल. सुरुवातीला बिल खरंच उतरलं. मग पाइप गळला, वरून गॅस भरला आणि ताईचा फोन आला : "मशीन दिवसभर चालूनच राहिली गा, पण खोली थंड होऊन नाही राहिली. परवा लग्नाची ऑर्डर आहे."

जाणाऱ्यांनी सकाळची एसटी धरावी, डावीकडची खिडकी टाळावी. ऊन तिकडूनच येतं. पुढे कोळशाचा ट्रक लागला की खिडकी उघडून काळं व्हायचं की लावून उकडून घ्यायचं, एवढंच आपल्या हातात. स्टँडबाहेर आलूबोंड्यावर तर्री "थोडी" मागा, वाटीभर मिळते.

ताईकडे मेकॅनिक राजूभाऊ पुन्हा गॅस भरत होते. सिलिंडर उभं, आणि त्याच्यावर चित्र उलट्या सिलिंडरचं.

"राजूभाऊ, हे उलटं धरायचं दिसते."

"पाह्यलं न भाऊ. पण आपण सगळ्या गॅस अशाच मारतो. कमी झाली का थोडी मारायची."

मी विक्रेत्याला फोन लावला. त्यानं अत्यंत आदबीनं समजावलं : मिश्रणातला हलका गॅस आधी उडतो. सिलिंडर उभं ठेवलं की तोच जास्त भरला जातो, प्रमाण बिघडतं आणि मशीन नुसती वीज खाते. गळती झाली तर सगळा गॅस काढून, सिलिंडर उलटं करून, नव्यानं भरायचा.

"मग विकताना काहून नाही सांगितलं?"

"एवढं सांगितलं तर घेते कोण, साहेब?"

बचत खोटी नव्हती हो. ती सिलिंडर धरणाऱ्या हातात होती, आणि त्या हाताला शिकवणं कोणाचंच काम नव्हतं. पृथ्वी वाचवायची घाई फार.

त्या सिलिंडरमधलं प्रमाणही बिघडलं होतं, आणि नवं सिलिंडर लग्नाआधी येणार नव्हतं. ताईनं खोव्याची चिमूट नाकाशी नेली, बोटांनी चोळली आणि नवरीच्या बापाला फोन केला : "भाऊ, दुसरीकडून घ्या. माझा आंबला."

"ताई, अजून थोडी मारून पाहू का?" राजूभाऊंनी विचारलं.

"तुह्या डोक्यात मार!"

संध्याकाळच्या गाडीनं नागपुरातल्या नंदनवनला परतलो. घरी विचारलं, काय पाहिलं? म्हटलं, प्रगती पाहिली. वास येत होता.

लग्न झाल्यावर ताईला फोन केला. ती त्या लग्नात जेवायला गेली होती.

"गुलाबजाम कसे होते?"

ताई म्हणाली, "चांगले होते गा. कोणी माह्या खोव्याचं नावबी नाही काढलं."