डोरिकाच्या शिव्या थांबल्या तेव्हा

सरोवराकाठच्या आमच्या दवाखान्यात झियोने सिस्टरला सगळे टरकून असतात. नातेवाइकांना ती वॉर्डात बसू देते, पण डबा उघडायचा तो तिला विचारून. मला ही बाई मुळीच आवडायची नाही. माझी धाकटी बहीण डोरिका बाजारात सुकी मासळी विकते आणि झियोने तिचं जुनं गिऱ्हाईक. दोघींची घासाघीस ऐकायला लोक जमायचे.

"एवढ्याशा मासळीला एवढे पैसे?"

"मग उतर की सरोवरात, आणि पकड स्वतः!"

डोरिकाचं पोट चिरून बाळ काढलं त्या दिवशी तिनं अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. डॉक्टर, नवरा, आमचे पूर्वज, सगळ्यांचा उद्धार झाला. दुपारी मात्र ती एकदम शांत झाली. सुटले बाई, असं म्हणत मी मक्याची पेज वाटीत ओतली, वर शेंगदाण्याचं कूट घातलं.

झियोने आली. बीपी मोजलं, ते बरोबर होतं. जखमेची पट्टी पाहिली, ती कोरडी होती. मग तिनं उशी सारखी केली.

"उपकार झाले, सिस्टर," डोरिका हळूच म्हणाली.

झियोनेचा हात उशीवरच थांबला. "डोरिका, तुझी मासळी कुजकी असते," ती मुद्दाम म्हणाली.

डोरिका नुसती हसली. "असेल."

झियोनेनं तिचं मनगट धरलं, पापणी खाली ओढून पाहिली, पोट चाचपलं. आणि माझ्या हातातली वाटी हिसकावून घेतली.

"बाळंतिणीला उपाशी मारता का?" मी ओरडले.

"आत रक्त वाहतंय, असं वाटतंय मला. बीपी अजून तग धरून आहे, पण नाडी पळतेय, हात गार पडलेत. आणि हिनं मला एक शिवी दिली नाही. परत टेबलावर घ्यावं लागलं तर पोट रिकामं हवं."

"आणि तसं काही नसलं तर?"

"तर तू घाल शिव्या. मला सवय आहे."

डॉक्टर दुसऱ्या बाईच्या ऑपरेशनमध्ये अडकले होते. झियोनेनं दारातूनच सगळं सांगितलं. "तयार ठेवा, हिचे टाके घालून आलोच," ते आतून म्हणाले. तोवर झियोने डोरिकाच्या उशाशी उभी होती, तिला सतत डिवचत, एखादी तरी शिवी येईल म्हणून. डोरिकाचे ओठ पांढरे पडत चालले. मी रक्त द्यायला धावले. सुई टोचली तेव्हा मी रडत होते, आणि ते सुईमुळे नव्हतं. ती जाईल, एवढंच डोक्यात होतं.

आत एक शीर वाहत होती. डॉक्टरांनी ती बांधली. शुद्धीवर येताच डोरिकानं विचारलं, "माझी पेज कुठल्या चोरटीनं नेली?" झियोने भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

बाळ रांगायला लागलं तशी डोरिका पुन्हा बाजारात बसू लागली. एकदा झियोने आली आणि भाव ऐकून तिनं नेहमीसारखं नाक मुरडलं. डोरिकानं मासळीचा मोठा वाटा तिच्यापुढे सरकवला.

"राहू दे, सिस्टर. तुझ्याकडून पैसे नको."

झियोनेनं पिशवी टाकली आणि भर बाजारात तिचं मनगट धरलं. "काय होतंय तुला?"