खाली बटन

आमच्या कॉम्प्युटरच्या मते सांगानेरच्या ठप्पेवाल्यांना बिघडलेली छपाई ओळखताच येत नव्हती. सहा कारीगर, जन्मभर कापडावर लाकडी ठप्प्यांनी फुलं उमटवणारे, आणि चुकलेलं फूल एकालाही सापडलं नव्हतं!

मी मूळचा साताऱ्याचा. जयपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्राचे प्रयोग सॉफ्टवेअरवर बसवून देतो. म्हणजे पडद्यावर काय, किती वेळ दिसेल आणि कोणतं बटन दाबलं की उत्तर धरायचं, ते ठरवतो. हा प्रयोग मृणालचा. तीही मराठीच; वडील रेल्वेत, ती वाढली जयपूरच्याच प्रताप नगरात. सरावलेल्या नजरेला चूक लवकर दिसते, हे तिला पीएचडीत दाखवायचं होतं. पडद्यावर दोन फुलं येणार. सारखी असली तर वरच्या बाणाचं बटन, वेगळी असली तर खालच्या.

तिच्या गाइड माथुर मॅडमनी निकाल पाहिला. "मृणाल, टॉपिक बदल लो."

मृणालचे डोळे भरून आले. दोन वर्षं खपली होती बिचारी. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला.

"मॅडम, एक घंटा दीजिए," मी म्हणालो.

कारीगर बाहेर गाडीची वाट बघत होते. त्यांच्यातल्या रामअवतारजींना पुन्हा बसवलं आणि मी पडदा सोडून त्यांचे हात बघत राहिलो. सारखी फुलं आली, वरचा बाण. वेगळी आली, आणि त्यांनी झटक्यात स्पेस बार दाबला.

"ये क्यों दबाया जी?"

"आपने ही तो लिखा है, खाली बटन. सब पर कुछ छपा है, यही एक खाली है."

मी कपाळावर हात मारला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं! सूचना मी लिहिलेली: 'अलग हों तो खाली बटन दबाइए.' अकरा वर्षं जयपुरात राहून हात मराठीतच चालला. आणि तपासली कुणी? मृणालने.

"घरी आम्ही असंच बोलतो ना, मतलब..." म्हणता म्हणता तिलाच हसू फुटलं.

सॉफ्टवेअरला मी दोनच बाण शिकवले होते, म्हणून स्पेस बार त्याने चूक धरला. 'खाली' खोडून 'नीचे वाला' केलं. सगळे कचोरी खाऊन पुन्हा बसले. एकेकाने फुलं अशी पकडली की माथुर मॅडम खुर्ची ओढून बघत बसल्या. टॉपिक राहिला.

"हम पास हो गए?" निघताना रामअवतारजींनी विचारलं.

"आप तो सुबह ही पास थे. फेल हम हुए थे."

आता माझ्या हिंदी सूचना शेजारच्या लॅबमधले शर्माजी तपासतात. त्यांना मराठीचा गंधही नाही. तीच त्यांची पात्रता.